दुय्यम समजल्या जाणाऱ्या माशाला मान मिळवून देणारा डॉक्टर : जेम्स हेन्शॉल

वसंत ऋतूत अमेरिकेतल्या ओहायो, केंटकी, टेनेसी या भागातल्या नद्या पावसानं फुगतात. पाणी गढूळ होतं, प्रवाहाला जोर येतो. काठावर उभं राहून गळ टाकणाऱ्यांची अशा वेळी पंचाईत होते. मग अनुभवी मंडळी होडी पाण्यात लोटतात आणि प्रवाहासोबत वाहत वाहत गळ टाकत जातात. हा सगळा खटाटोप असतो स्मॉलमाउथ बास नावाच्या एका माशासाठी.

आज हा मासा अमेरिकेतल्या गळाच्या मासेमारीतला मानाचा मासा आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं. शौकीन मंडळींच्या लेखी मान होता तो ट्राउट आणि सॅमनला. बास म्हणजे गावाकडच्या लोकांनी पकडायचा आणि तळून खायचा मासा.

हे चित्र बदलण्यात सगळ्यात मोठा वाटा होता एका डॉक्टरचा. त्यांचं नाव जेम्स अलेक्झांडर हेन्शॉल.

कोण होते हेन्शॉल?

हेन्शॉल यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८३६ रोजी मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात झाला. म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदाच. तरुणपणी ते ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत आले आणि पुढे डॉक्टर झाले.

त्यांनी केंटकीतल्या सिंथियाना आणि विस्कॉन्सिनमधल्या ओकोनोमोवोक या गावांत डॉक्टरकी केली. सिंथियाना लिकिंग नदीच्या एका फाट्यावर वसलेलं आहे, तर ओकोनोमोवोकच्या आजूबाजूला तळीच तळी. दोन्हीकडच्या पाण्यात बास होते. पेशंट तपासून झाले की डॉक्टर गळ घेऊन निघायचे आणि माशांच्या सवयी टिपून ठेवायचे.

केंटकीत बासच्या मासेमारीची परंपरा त्यांच्या आधीपासून होती. याच राज्यातल्या पॅरिस नावाच्या गावात जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक खास रीळ बनवलं होतं. त्याची मूठ एकदा फिरवली की आतली दोऱ्याची फिरकी अनेकदा फिरायची. घड्याळातल्या दातेरी चाकांचंच तंत्र इथं वापरलं होतं. थोडक्यात, अवजारं होती, मासा होता, पकडणारेही होते. या सगळ्याची नीट मांडणी करणारं पुस्तक मात्र नव्हतं.

एक मासा, नावं अनेक

पहिली अडचण होती नावाची. दक्षिणेकडच्या राज्यांत बासलाच ट्राउट म्हणायचे, व्हर्जिनियात चब म्हणायचे. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाशी बोलताना नेमका कोणता मासा, हेच कळायचं नाही.

शास्त्रीय नावाची गंमत तर आणखी वेगळी. १८०२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यांनी स्मॉलमाउथ बासला मायक्रोप्टेरस डोलोमिउ हे नाव दिलं. मायक्रोप्टेरस म्हणजे छोट्या पराचा. प्रत्यक्षात या माशाचा पर काही छोटा नसतो. लासेपेद यांच्याकडे आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर मागच्या बाजूला फाटलेला होता. त्यामुळे शेवटचा तुकडा स्वतंत्र छोट्या परासारखा दिसला आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

हेन्शॉल यांनी जुनी शास्त्रीय वर्णनं एकत्र करून हा गुंता वाचकांसमोर उलगडून ठेवला. ब्लॅक बासचे दोन मुख्य प्रकार कसे ओळखायचे, हेही सांगितलं. ओळखायची सोपी खूण म्हणजे जबडा. स्मॉलमाउथचा जबडा साधारण डोळ्याच्या मध्यापर्यंत येतो, लार्जमाउथचा डोळ्याच्या मागे जातो. स्मॉलमाउथला वाहतं, थंड, खडकाळ पाणी आवडतं. लार्जमाउथला संथ आणि पाणवनस्पतींचं पाणी मानवतं.

पुस्तक आलं आणि बासचे दिवस पालटले

१८८१ मध्ये हेन्शॉल यांचं बुक ऑफ द ब्लॅक बास हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात माशाचं शास्त्र होतं, त्याच्या सवयी होत्या, मासेमारीची अवजारं आणि पद्धती होत्या. वजनाच्या मानानं बासइतकी चिवट झुंज देणारा दुसरा मासा नाही, असा त्यांचा दावा होता. त्या काळात ट्राउटवाल्यांना हे थेट आव्हानच होतं.

त्यांनी नुसती बाजू मांडली नाही, अवजारातही बदल सुचवला. तेव्हा गळाच्या काठ्या लांब आणि जड असत. हेन्शॉल यांनी साधारण सव्वाआठ फुटांच्या हलक्या काठीचा पुरस्कार केला. ती हेन्शॉल रॉड म्हणूनच ओळखली जाऊ लागली. हलकी काठी हातात असली की माशाची प्रत्येक हिसडी मनगटाला जाणवते.

१८८४ मध्ये त्यांचं फ्लोरिडातल्या भटकंतीवरचं पुस्तक आलं, १८८९ मध्ये बासवरच्या पुस्तकाची पुरवणी आली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मासेमारीच्या दालनाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तोवर गावाकडचा हा मासा मानाच्या पंगतीत येऊन बसला होता.

फुगलेली नदी आणि बासचं घरटं

वसंतातल्या मासेमारीत रंगत का असते आणि धोका का असतो, हे समजायला बासचं आयुष्य बघावं लागतं.

पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की स्मॉलमाउथचा नर काठाजवळच्या खडीत शेपटीनं गोल खळगा करतो. हेच त्याचं घरटं. मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि राखण करतो तो नर. अंड्यांतून पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस तो जागा सोडत नाही.

नेमक्या याच दिवसांत नदीला लोंढा आला तर घरटं वाहून जातं किंवा गाळाखाली जातं. पाणी अचानक थंड झालं तर नर घरटं सोडूनही देतो. राखण करणारा नर गळाला लागला, तर लहान मासे येऊन अंडी फस्त करतात. म्हणूनच अमेरिकेत काही ठिकाणी या काळात बास पकडण्यावर निर्बंध असतात.

घरट्यावर नसलेले मासे लोंढ्यात मधल्या धारेत थांबत नाहीत. ते मोठ्या दगडाच्या आडोशाला, झाडांच्या मुळांजवळ किंवा काठालगतच्या संथ भोवऱ्यात येतात. त्यामुळे एक जण वल्ह्यानं होडी मागे रेटत तिचा वेग प्रवाहापेक्षा कमी ठेवतो आणि दुसरा काठाच्या दिशेनं गळ टाकतो. काही जण बोयाला आमिष लटकवून ते तळाच्या जरा वर वाहत ठेवतात.

सगळ्यात मोठी भीती असते पाण्यात आडव्या पडलेल्या झाडांची. पाणी फांद्यांमधून निघून जातं, पण होडी आणि माणूस तिथंच अडकतो.

डॉक्टर झाले माशांचे पालक

१८९० च्या दशकाच्या अखेरीस हेन्शॉल मोंटाना राज्यातल्या बोझमन इथल्या सरकारी मत्स्यबीज केंद्राचे प्रमुख झाले. तिथं त्यांनी ग्रेलिंग या स्थानिक माशाची अंडी कृत्रिमरीत्या उबवण्यात यश मिळवलं. १९०९ मध्ये त्यांची बदली मिसिसिपीतल्या टुपेलो इथल्या केंद्रात झाली. वयाच्या ऐंशीनंतर, १९१७ मध्ये ते निवृत्त झाले. ४ एप्रिल १९२५ रोजी त्यांचं निधन झालं.

या गोष्टीची दुसरी बाजू

एखाद्या माशाला मान मिळाला की तो सगळ्यांना आपल्या नदीत हवा असतो. बासच्या बाबतीत याची सुरुवात हेन्शॉल यांच्या पुस्तकाआधीच झाली होती. १८५४ मध्ये विल्यम श्रायव्हर यांनी ओहायो नदीच्या खोऱ्यातले थोडे बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात नेऊन सोडले. ते तिथं चांगलेच रुजले. बासची कीर्ती वाढली तसं हे लोण देशभर पसरलं. हेन्शॉल यांच्या पुस्तकातही नव्या पाण्यात बास सोडण्याबद्दल लिहिलेलं आहे.

आज कोलंबिया नदीत स्मॉलमाउथ सॅमनची पिल्लं खातो. जपानमध्ये त्याला घातक परदेशी प्रजातींच्या यादीत टाकलं आहे.

२०२२ मध्ये कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली स्मॉलमाउथची पैदास होताना आढळली. जलाशयाची पातळी घटली होती आणि धरणाच्या दारांतून वरच्या थरातलं कोमट पाणी खाली येत होतं. त्यामुळे ग्रँड कॅन्यनमधल्या हंपबॅक चब या दुर्मिळ स्थानिक माशाला धोका निर्माण झाला. २०२४ मध्ये प्रशासनानं उपाय केला तो जलाशयाच्या खोल थरातलं थंड पाणी सोडण्याचा, म्हणजे बासची पैदास थांबावी.

हेन्शॉल यांच्या काळात चिंता होती ती बासची घरटी वाचवण्याची. ती आजही आहे, पण जिथं हा मासा मूळचा आहे तिथं. बाहेरून आलेल्या ठिकाणी मात्र २०२४ मध्ये त्याच घरट्यांवर थंड पाणी सोडलं गेलं. हेन्शॉल यांनी लोकांना आपल्या गावच्या नदीतल्या माशाकडे नव्यानं बघायला शिकवलं होतं. ग्रँड कॅन्यनच्या बाबतीत तो गावचा मासा म्हणजे हंपबॅक चब, आणि त्याच्यासाठी आता बासला अडवावं लागतंय.