पीटर गोरर

पीटर आल्फ्रेड आयझॅक गोरर (१४ एप्रिल, १९०७:लंडन - ११ मे, १९६१) हे ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ व प्रतिरक्षाशास्त्रज्ञ होते. दुसऱ्या प्राण्याचे ऊतक शरीर स्वीकारते की नाकारते, हे प्रामुख्याने ठरवणारा जनुकसमूह त्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांमध्ये शोधला. हा समूह एच-२ या नावाने ओळखला जातो. मानवातील त्याच्याशी समकक्ष समूहाला एचएलए म्हणतात.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

गोरर यांचे वडील एडगर हे चिनी कलावस्तूंचे व्यापारी होते. १९१५मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटानिया जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. मानवशास्त्रज्ञ जेफ्री गोरर हे पीटर यांचे थोरले बंधू होत. पीटर यांनी लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. त्यानंतर युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जे.बी.एस. हॉल्डेन यांच्याकडे त्यांनी आनुवंशिकीचा अभ्यास केला.

संशोधन

एका उंदराचे अर्बुद दुसऱ्या उंदरात रोपले असता कधी वाढते, तर कधी नष्ट होते. हे ठरवणारी जनुके रक्तगटांच्या जनुकांसारखी असावीत, असे हॉल्डेन यांनी सुचवले होते. गोरर यांनी लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये या कल्पनेची तपासणी केली. त्यासाठी त्यांनी प्रथम स्वतःच्याच रक्तातील रक्तरस वापरला. त्याने काही उंदरांच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या, तर काहींच्या झाल्या नाहीत. पुढे सशांमध्ये तयार केलेले रक्तरस वापरून त्यांनी निरनिराळे प्रतिजन वेगळे ओळखले आणि १९३६मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा प्रतिजन महत्त्वाचा ठरला. तो असलेल्या जातीचे अर्बुद तो नसलेल्या उंदरांत टिकत नसे. अर्बुद नाकारणाऱ्या उंदरांच्या रक्तात त्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. ऊतक नाकारले जाणे ही प्रतिरक्षा यंत्रणेची क्रिया असून तिचे मूळ आनुवंशिक आहे, असे यावरून दिसून आले.

१९४०मध्ये गोरर गाइज हॉस्पिटलमध्ये परतले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत गेले. तेथे जॉर्ज स्नेल यांना, शेपटी वाकडी करणाऱ्या जनुकाच्या सोबतीने संक्रमित होणारे आणि ऊतकाचा स्वीकार ठरवणारे एक जनुक आढळले होते. गोरर यांनी त्याच उंदरांचे रक्त तपासले, तेव्हा ते जनुक आणि आपला दुसरा प्रतिजन एकच असल्याचे दिसले. १९४८मध्ये गोरर, स्नेल व लायमन यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. एच-२ या नावातील दोनचा आकडा गोरर यांच्या दुसऱ्या प्रतिजनावरून आला आहे.

१९५६मध्ये गोरर व ओ'गॉर्मन यांनी प्रतिपिंडांमुळे पेशी मरतात का, हे पाहणारी चाचणी वर्णिली. अवयव प्रतिरोपणापूर्वी दाता व रुग्ण यांचे ऊतक जुळवण्यासाठी पुढे याच तत्त्वावरील चाचण्या वापरात आल्या.

मृत्यू व वारसा

१९६०मध्ये रॉयल सोसायटीने गोरर यांना फेलो म्हणून निवडले. पुढच्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९८०मध्ये स्नेल, ज्याँ दोसे व बारूख बेनासेराफ यांना या क्षेत्रातील कार्यासाठी वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मरणोत्तर दिले जात नसल्याने गोरर यांचा त्यात समावेश होऊ शकला नाही.