पाच मैलांच्या आतलं घर

आधीच सांगून टाकते. पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये गेली, त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाचे घोटाळे सापडतील. सांभाळून घ्या! तरी हा लेख इंग्लिश सेक्शनला दिला नाही, कारण तो मला आजीला वाचून दाखवायचा आहे.

गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी विषय मिळाला होता: डोंगरावरचं लहान घर. चार माणसांचं कुटुंब, जागा कमी, खर्च कमी आणि निसर्गाला त्रासही कमी. मी शिर्डीची. आमच्याकडे सगळं सपाट, ऊस आणि लॉज! डोंगर म्हटलं की आठवतं ते आमच्याच जिल्ह्यातलं भंडारदरा, म्हणून साइट तिथली धरली. स्टीलची फ्रेम, मोठाल्या काचा, वर सोलर पॅनेल. थ्री-डी व्ह्यू बघून आमची अख्खी विंग फिदा. सरांनी मात्र शीट बघून एकच विचारलं. गाडीरस्ता जिथे संपतो तिथून हा सगळा माल वर नेणार कोण? मी गप्प. मग त्यांनी लॉरी बेकर हे नाव कागदावर लिहून दिलं आणि लायब्ररीत पाठवलं. नाव मी एखाद-दुसऱ्या लेक्चरला ऐकलं होतं. माणूस मात्र तेव्हा कळला.

लॉरी बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. तिथेच आर्किटेक्चर शिकले आणि १९३७ मध्ये पास झाले, म्हणजे विसाव्या वर्षी. माझं वय आत्ता तेवढंच आहे आणि माझ्या नावावर आहेत दोन बॅकलॉग! दुसरं महायुद्ध सुरू झालं. बेकर क्वेकर पंथाचे. हातात बंदूक घ्यायची नाही, जखमींची सेवा करायची, असं ठरवून ते रुग्णसेवेच्या तुकडीबरोबर चीनला गेले. तिथे कुष्ठरोग्यांची सेवा केली. तब्येत बिघडली आणि मायदेशी परत निघाले, तर जहाजासाठी मुंबईत काही महिने थांबावं लागलं.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते आपल्या मुंबईत. तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. बेकर यांच्या पायात चिंध्यांपासून हाताने शिवलेले बूट होते आणि गांधीजींची नजर नेमकी त्यांवर गेली. गप्पांत गांधीजींनी एक गोष्ट सांगितली, ती बेकर जन्मभर विसरले नाहीत. खेड्यातलं आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून उभं राहायला हवं. पाच मैल म्हणजे साधारण आठ किलोमीटर.

१९४५ मध्ये ते भारतात परत आले ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे आर्किटेक्ट म्हणून. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब या मल्याळी डॉक्टरशी लग्न केलं आणि दोघं हिमालयात पिथोरागढला फिरायला गेले. डॉक्टरीणबाई आल्याचं कळताच डोंगरातून पेशंट यायला लागले. मग कसलं परत जाणं? दोघं तिथे सोळा वर्षं राहिले! जवळच्या चंडाकच्या डोंगरावर त्यांनी घर आणि दवाखाना उभा केला.

मला सगळ्यात आवडला तो हा भाग. इंग्लंडमधून शिकून आलेल्या या माणसाला तिथे कळलं की आपल्याला इथलं काहीच येत नाही. दगड कोणता घ्यायचा, माती कशी मळायची, उतारावर पाणी कुठून येतं, हे पुस्तकात नव्हतं. ते गावच्या गवंड्यांना ठाऊक होतं. कुमाऊँमधलं जुनं घर बघा. जाड दगडी भिंती, लहान दारं-खिडक्या, वर पाटीच्या दगडाचं छप्पर. खाली जनावरं, वर माणसं, म्हणजे जनावरांची ऊबही वर मिळते. कॉम्पॅक्ट हाउसचं आख्खं डिझाइन, आणि तेही शेकडो वर्षांपासूनचं! बेकर तिथे आर्किटेक्ट असूनही विद्यार्थी झाले.

१९६२ च्या चीन युद्धानंतर तो सीमाभाग सुटला. पुढे केरळात आधी वागमोनच्या डोंगरात आणि नंतर तिरुवनंतपुरमला ते स्थायिक झाले. तिथलं त्यांचं स्वतःचं घर खडकाळ उतारावर आहे. खडक फोडून जागा सपाट करण्याऐवजी त्यांनी घरच खडकांच्या कलाने वळवलं. कॉन्ट्रॅक्टर नाही. स्वतः साइटवर उभे राहायचे, वापरलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला स्केच काढायचे आणि गवंड्याला समजवायचे.

सिव्हिलवाल्यांनो, आता लक्ष द्या. बेकर यांनी रॅट ट्रॅप बाँड खूप वापरला. विटा उभ्या कडेवर ठेवायच्या, म्हणजे मध्ये पोकळी राहते. विटा साधारण २५ टक्के वाचतात आणि उष्णताही कमी आत येते. दुसरी युक्ती फिलर स्लॅबची. न्यूट्रल ॲक्सिसच्या खालचं काँक्रीट ताण घेत नाही, हे आपण परीक्षेत लिहितो आणि विसरतो. त्यांनी तिथे मंगलोरी कौलं घातली! काँक्रीट वाचलं, वजन घटलं. त्यांनी शेकडो घरं बांधली, त्यात गरिबांची पुष्कळ. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, भारताचे नागरिक म्हणून ते तिरुवनंतपुरमला गेले.

आता आजीकडे येते. शिर्डीत आमचं जुनं धाब्याचं घर आहे. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, मे महिन्यातही आत गारवा. पप्पांना ते पाडून लॉजच्या खोल्या काढायच्या आहेत. ते चुकीचं बोलतात असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीला दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरं अंगावर पडूनच माणसं गेली. माती म्हणजे आपोआप चांगलं, असं बेकर यांचं काम बघूनही म्हणता येत नाही. भिंतीत आरपार जाणारे दगड हवेत, चारी भिंतींना एकत्र धरणारा पट्टा हवा, छप्पर हलकं हवं. पण एवढं केलं तर पाडायलाच हवं का? घरातली एकुलती एक सिव्हिल इंजिनियर म्हणून पप्पांनी हे मलाच विचारलंय आणि उत्तर माझ्याकडे नाही.

प्रोजेक्ट मी परत केला. जोतं आणि भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या, भंडारदऱ्याच्या पावसासाठी तीव्र उताराचं छप्पर, वळचण लांब, घर उताराच्या रेषेत. काचा गेल्या, सोलर राहिलं. पाच मैलांत सगळं काही बसलं नाही. सिमेंट थोडं लागलंच. पण आता वर काय न्यायचं आणि का, हे मला सांगता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी टेप घेऊन आजीचं घर मोजणार आहे. भिंतींची जाडी, भेगा, वाशांची अवस्था, सगळं. धाब्यावर माती कधी आणि किती घालायची ते आजीलाच विचारणार. पाडायचं की राखायचं हे त्यानंतर ठरवू. न मोजता पाडायचं नाही, एवढं मात्र पप्पांकडून कबूल करून घेतलंय.