कॅप्टन न झालेला बॉलर : पालवणकर बाळू

मॅच हरली की आपल्या मेसमध्ये एकच विषय असतो, कॅप्टन कोणाला करायला पाहिजे होतं! वरण थंड होतं, पण वाद थंड होत नाही. मी औशाचा, टेनिस बॉलवर लेफ्ट आर्म स्पिन टाकणारा. या वादात मी एक नाव घेतो आणि दरवेळी पोरं विचारतात, हा कोण बाबा? म्हणून हा लेख.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं कोकणातलं, चर्मकार समाजातलं. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात आल्यावर बाळूंनी आधी पारशांच्या क्लबात आणि मग साहेबांच्या पूना क्लबात काम धरलं. पिचवर रोलर फिरवायचा, नेट लावायचं, पगार महिना चार रुपये. तिथं कॅप्टन ग्रेग नावाचा नामी बॅट्समन होता. त्याला सराव म्हणून बाळू तासन्‌तास बॉलिंग टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही, ते काम साहेबांचं! पण त्या नेटमध्येच त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली.

पुण्याच्या हिंदू क्लबला साहेबांना हरवायचं होतं. बाळूंना घ्यावं की नाही यावर बरीच खळखळ झाली, शेवटी घेतलं. मैदानात सगळे बरोबरीचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं ताट वेगळं. मला हे काही केल्या पटत नाही. त्यांच्या हातचा बॉल अकराजण दिवसभर झेलत होते, तेव्हा विटाळ नव्हता, कपाला मात्र होता!

पुढे बाळू मुंबईत आले, रेल्वेत नोकरी केली, हिंदू जिमखान्याकडून खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एका डावात आठ. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाला त्यांचा केवढा अभिमान! तरुण आंबेडकरसुद्धा त्यांच्या कौतुकात पुढे होते.

आता मूळ मुद्दा. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे तिघे भाऊही क्रिकेट खेळायचे. इतकी वर्षं सर्वांत भरवशाचे बॉलर असूनही हिंदू संघाची कप्तानी बाळूंना कधी दिली नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं. त्या वेळी कप्तान पै आजारी पडले, तरी सीनियर विठ्ठलला सोडून देवधरांना कप्तान केलं. विठ्ठल आणि शिवराम सरळ संघातून बाहेर पडले. गाजावाजा झाला, तेव्हा समिती नमली. फायनलला भाऊ परत आले, बाळूंनाही घेतलं. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ सांभाळला. बस्स, तेवढंच. १९२३ साली मात्र विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाचं राहिलं ते धाकट्यानं मिळवलं.

आकडेमोड हा आपला धंदा, म्हणून सांगतो : प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ विकेट, सरासरी १५.२१. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. त्याच वर्षी पुणे करारावर त्यांनी सही केली.

इथून पुढचं आमच्या वादात कुणी काढत नाही. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू आंबेडकरांच्या विरोधी बाजूला होते. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत दोघं आमनेसामने उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. हरले खरे, पण लढत चुरशीची झाली. ४ जुलै १९५५ ला मुंबईत बाळूंचं निधन झालं.