चवदार तळ्यापासून दामोदरपर्यंत

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महाडचे चवदार तळे उभे राहते. ते स्वाभाविकच आहे. परंतु नद्यांचे पाणी कसे साठवावे, ते शेतीला आणि वाढत्या शहरांना कसे पुरवावे, याचा पायाही याच महामानवाने घातला. धरणांचे श्रेय वाटताना त्यांचे नाव मात्र सोयीस्करपणे गाळले जाते.

१८९१ साली महू येथे जन्मलेल्या भीमरावांना शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. शिपायाने वरून ओतले तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. पुढे कोलंबिया विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवरचा माणसांचा बोजा उद्योगांकडे वळवला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे शेती आणि शहर यांचा एकत्र विचार तेव्हापासूनच होता.

१९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेऊन तो हक्क बजावला. सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे कोर्टकचेरी!

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. १९४३ मध्ये दामोदर नदीचा बांध फुटला, गावे बुडाली, कलकत्त्याकडे जाणारे रेल्वेमार्ग तुटले. जुना उपाय ठरलेला होता : काठावरचे बांध आणखी उंच करा. बाबासाहेबांनी तो नाकारला. पाणी जास्त आहे हे संकट नव्हे, ते साठवले जात नाही हे संकट आहे, अशी त्यांची भूमिका होती. धरणात अडवलेल्या पाण्याने पूर आवरावा, शेत भिजावे, वीज निर्माण व्हावी, नौका चालाव्यात आणि गावाशहरांची तहान भागावी. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा आदर्श समोर ठेवून, तेथील अभियंता व्होर्डुइन यांच्याकडून १९४५ मध्ये दामोदरचा आराखडा तयार करून घेण्यात आला.

अडचण कायद्याची होती. १९३५ च्या कायद्याने पाटबंधारे हा प्रांतांचा विषय. नदी मात्र प्रांताची सीमा मानत नाही. धरणे बिहारात बांधायची आणि लाभ बंगालला, तर बिहार का तयार होईल? बाबासाहेबांनी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला केंद्र आणि दोन्ही प्रांतांना एकत्र बसवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. नोव्हेंबरमध्ये कटकला महानदीसाठी परिषद झाली. हिराकूडची वाट तेथून निघते. १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. पाणीपुरवठ्यापासून वनीकरण आणि सार्वजनिक आरोग्यापर्यंतची कामे त्यात एकाच संस्थेकडे आहेत.

पुढे काय झाले? आराखड्यातील आठ धरणांपैकी तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच महामंडळाने १९५३ ते १९५९ दरम्यान बांधली. साठवण अपुरी राहिली, म्हणून पूरनियंत्रणही अपुरे राहिले. दुर्गापूर-आसनसोलच्या कारखान्यांना पाणी आणि वीज मिळाली. ज्या आदिवासी-दलितांची घरे बुडाली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही न्यायासाठी झगडावे लागले. हा दोष बाबासाहेबांच्या विचाराचा नव्हे, तो अर्धवट राबवणाऱ्यांचा आहे. १९४७ मध्ये संविधान सभेला दिलेल्या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा, जमीन जातपात न पाहता सामूहिक शेतीसाठी द्यावी आणि तिला पाणी, बियाणे, खत राज्याने पुरवावे, असे मांडले होते. सत्ताधाऱ्यांनी धरणे घेतली, हा भाग टाकून दिला.

संविधानात आंतरराज्य नद्यांच्या नियमनाचा अधिकार संसदेला आहे, अनुच्छेद २६२ मध्ये तंट्यांची सोय आहे. १९५६ मध्ये नदी मंडळांचा आणि जलतंट्यांचा असे दोन कायदे झाले. लवाद अनेक नेमले गेले; मंडळ एकही नाही. म्हणजे भांडण झाल्यावर निवाडा आहे, आधी एकत्र नियोजन नाही. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि हा विचार पुढे रेटणारा नेता उरला नाही.

त्याची किंमत महाराष्ट्रानेही मोजली. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला थेट नळाने नेण्याविरुद्ध मावळात ऑगस्ट २०११ मध्ये आंदोलन झाले, तेव्हा गोळीबारात तीन शेतकरी मेले. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. आणि २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यात पाणी वापर संस्थेचा सभासद कोण? लाभक्षेत्रातील जमीनधारक. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्या भूमिहीनाला पाण्याच्या वाटपात मत नाही. तळे उघडे झाले, धरणाच्या दारावर मात्र पुन्हा पहारा बसला.

म्हणून चळवळीने धरणाचे पाणी हाही आपला विषय मानला पाहिजे. खोऱ्याचे नियोजन एकत्र व्हावे, भूमिहीनांना पाणी वापर संस्थेत मताचा हक्क मिळावा आणि विस्थापितांचे पुनर्वसन झाल्याशिवाय घळभरणी होऊ नये, या तीन मागण्या ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत नेऊ या. मजूरमंत्री बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.