गॅल्व्हानोमीटरला ज्यांचे नाव मिळाले

शाळेच्या प्रयोगशाळेतील गॅल्व्हानोमीटरचे शून्य एका टोकाला नसून मध्यभागी असते. तारा उलट जोडल्या की काटा विरुद्ध बाजूला वळतो. त्यामुळे प्रवाह आहे की नाही हे कळतेच, शिवाय त्याची दिशाही कळते. या यंत्राला लुईजी गॅल्व्हानी यांचे नाव आहे, म्हणून ते त्यांनीच बनवले असेल असे कोणालाही वाटेल. पण ते तयार झाले तेव्हा त्यांच्या मृत्यूला २१ वर्षे उलटून गेली होती. मग नाव त्यांचेच का? त्यासाठी त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

गॅल्व्हानी यांचा जन्म ९ सप्टेंबर १७३७ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. ते तिथेच वैद्यक शिकले आणि तिथल्याच विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. त्यांची पत्नी लुचिया ही एका प्राध्यापकांची मुलगी होती आणि प्रयोगांत त्यांना मदत करत असे.

१७८० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत एक विचित्र गोष्ट घडली. मेजावर मेलेल्या बेडकाचे मागचे पाय कापून ठेवलेले होते. जवळच घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र होते. एका सहाय्यकाने सुरीचे टोक बेडकाच्या मज्जातंतूला लावले आणि त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी उडाली. मेलेल्या बेडकाचा पाय झटक्याने हलला!

दुसऱ्या कोणी हे योगायोग म्हणून सोडून दिले असते. गॅल्व्हानी यांनी पुढची अनेक वर्षे यावर घालवली. त्यांनी वादळात विजा चमकत असताना प्रयोग केले. पितळी आकड्यांना अडकवलेले पाय लोखंडी कठड्यावर टांगले. आकाश निरभ्र असतानाही पाय हललेले दिसले, तेव्हा त्यांनी हाच प्रयोग बंद खोलीत करून पाहिला. शेवटी १७९१ मध्ये त्यांनी लॅटिन भाषेत प्रबंध प्रसिद्ध केला. प्राण्यांच्या शरीरात स्वतःची वीज असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो प्रसिद्ध होताना पाहायला लुचिया नव्हत्या. त्या त्याआधीच वारल्या होत्या.

पाविया येथील प्राध्यापक आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी हे प्रयोग करून पाहिले. आधी त्यांना ते पटले, पण नंतर शंका आली. वीज बेडकात नसून दोन वेगळ्या धातूंच्या स्पर्शातून येते आणि बेडकाचा पाय ती फक्त दाखवतो, असे ते म्हणू लागले. म्हणजे त्यांच्या मते बेडकाचा पाय हेच वीज ओळखणारे साधन होते, आणि त्या काळच्या इतर साधनांपेक्षा ते कितीतरी संवेदनशील होते. गॅल्व्हानी यांनी चिडून उत्तर दिले नाही. त्यांनी धातू पूर्णपणे काढून टाकले आणि फक्त मज्जातंतूला मज्जातंतू लावून पाय हलवून दाखवला.

वाद चालू असतानाच नेपोलियनच्या सैन्याने उत्तर इटली जिंकली. तिथे नवे प्रजासत्ताक स्थापन झाले आणि प्राध्यापकांना त्याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आले. ती शपथ आपल्या धर्मश्रद्धेशी जुळत नाही, म्हणून गॅल्व्हानी यांनी नकार दिला. त्यांचे पद गेले, पगार थांबला. ४ डिसेंबर १७९८ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

शपथ नाकारणाऱ्या माणसाची गोष्ट सैनिकी शाळेच्या अंकात कशाला, असे कोणी विचारेल. मला मात्र ती इथेच शोभते असे वाटते. आमच्यापैकी अनेक जण पुढे अधिकारी होताना शपथ घेतील. नोकरी वाचवण्यासाठी तोंडाने शपथ घेऊन मनात दुसरे ठेवणे गॅल्व्हानी यांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही, कारण त्यांच्या लेखी शपथ म्हणजे नुसते शब्द नव्हते. जो शपथेला एवढे जड मानतो, त्यानेच ती घ्यावी.

१८०० मध्ये व्होल्टा यांनी जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून पहिली बॅटरी जाहीर केली. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये नेपोलियनसमोर त्यांचा गौरव झाला. गॅल्व्हानी हरले असेच जगाला वाटले.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना विद्युतप्रवाहाजवळ होकायंत्राची सुई वळते असे आढळले. त्याच वर्षी जर्मनीत श्वाइगर यांनी सुईभोवती तारेचे अनेक वेढे देऊन तो परिणाम वाढवला. प्रवाह मोजणाऱ्या अशा साधनाला फ्रान्सच्या अँपिअर यांनी गॅल्व्हानोमीटर हे नाव दिले.

याच यंत्राने पुढे गॅल्व्हानी यांची बाजू मांडली. १८४० च्या दशकात बर्लिनमध्ये द्यु ब्वा-रेमाँ यांनी हजारो वेढ्यांचे गॅल्व्हानोमीटर तयार केले आणि स्नायू व मज्जातंतूंमधली वीज त्यावर दाखवली. धातूंबद्दल व्होल्टा बरोबर होते आणि शरीरातल्या विजेबद्दल गॅल्व्हानी. नंतर नेदरलँड्सच्या आइंटहोव्हेन यांनी अतिसूक्ष्म तारेच्या गॅल्व्हानोमीटरने माणसाच्या हृदयातली वीज नोंदवली. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज डॉक्टर छातीला तारा लावून ईसीजी काढतात, तेव्हा कागदावर उमटणारी रेघ ही गॅल्व्हानी यांनी बेडकात पाहिलेल्या त्याच विजेची असते.