बदकांचे तिकीट

पाकिटावर तिकीट लावले की पत्र ठरलेल्या ठिकाणी पोहोचते. पण अमेरिकेत एक तिकीट असे आहे, की ते पाकिटावर लावून पत्र कोठेही जात नाही. ते टपाल कचेरीत मिळते, त्यावर सुंदर पक्ष्याचे चित्र असते, त्याला किंमतही पडते. तरीही ते टपालाचे तिकीट नव्हे. तो बदकांच्या शिकारीचा परवाना आहे. नवल असे, की शिकारीच्या या परवान्यानेच लाखो बदकांचे प्राण वाचवले. या तिकिटाचे पहिले चित्र ज्यांनी काढले, त्यांचे नाव जे नॉरवुड डार्लिंग. लोक त्यांना 'डिंग' डार्लिंग म्हणत.

डार्लिंग यांचा जन्म 21 ऑक्टोबर 1876 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात नॉरवुड या गावी झाला. गावाचे नावच त्यांच्या नावात आले. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. जे दहा वर्षांचे असताना हे कुटुंब आयोवा राज्यातील सू सिटी या गावी राहायला आले. गावाजवळून मिसूरी नदी वाहत होती. पलीकडे मैलोन्‌मैल गवताळ माळ पसरला होता. हिवाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेकडून बदकांचे आणि हंसांचे थवे येत. त्यांच्या आवाजाने आकाश भरून जाई. लहानग्या जेला हे सारे फार आवडे. तो मासे पकडी, घोड्यावर बसून भटके आणि शिकारही करी.

एकदा त्याने एक बदक मारले. हे बदक झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या जातीचे होते आणि ते दिवस अंडी घालण्याचे होते. त्याच्या काकांना हे कळले, तेव्हा ते फार रागावले. विणीच्या दिवसांत पक्षी मारला, तर त्याच्याबरोबर घरट्यातील पिलेही मरतात. हा धडा जे जन्मभर विसरला नाही.

कॉलेजात असताना ते जीवशास्त्र शिकले. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण चित्रे काढण्याचा नाद काही सुटत नव्हता. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांनी प्राध्यापकांची गमतीदार चित्रे काढली आणि खाली आपले पूर्ण नाव न लिहिता आडनावातील मधली अक्षरे गाळून 'डिंग' अशी सही केली. चित्रे पाहून मुले हसली, पण प्राध्यापक हसले नाहीत. डार्लिंग यांना काही काळ कॉलेजातून काढून टाकण्यात आले. 'डिंग' हे नाव मात्र त्यांना कायमचे चिकटले.

1900 साली त्यांनी पदवी मिळवली. पुढील शिक्षणासाठी पैसे जमवावेत म्हणून ते सू सिटीच्या एका वृत्तपत्रात बातमीदार झाले. एकदा त्यांना एका वकिलाचे छायाचित्र आणायला पाठवले. वकिलाला ते पसंत नव्हते. तो काठी उगारून त्यांच्या मागे धावला. छायाचित्र मिळाले नाही, पण डार्लिंग यांनी त्या वकिलाचे रेखाचित्र काढले. संपादकांना ते आवडले आणि त्यांनी ते छापले. तेव्हापासून डार्लिंग यांची व्यंगचित्रे छापून येऊ लागली. डॉक्टर होण्याचा विचार मागे पडला. 1906 साली ते डे मॉइन या शहरातील वृत्तपत्रात गेले. पुढे त्यांची चित्रे देशभरातील शंभराहून अधिक वृत्तपत्रांत छापली जाऊ लागली. 1924 आणि 1943 असे दोन वेळा त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. पैसा आणि कीर्ती दोन्ही त्यांना भरपूर मिळाली.

या काळात देशातील पक्ष्यांची दशा मात्र वाईट होत चालली होती. शेतीसाठी दलदली आणि तळी आटवली जात होती. जेथे बदके घरटी करीत, तेथे नांगर फिरू लागला. शिकारही बेसुमार होत होती. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी 1918 साली कायदा झाला. त्यांच्यासाठी जमिनी घेण्याचा कायदा 1929 साली झाला. पण जमिनी घ्यायला कायमचा पैसा कोठून आणायचा, याची सोय त्या कायद्यात नव्हती. अशातच 1930 नंतर भयंकर दुष्काळ पडला. मोठमोठी तळी कोरडी पडली. बदकांची संख्या झपाट्याने घटली.

डार्लिंग यांनी व्यंगचित्रांतून लोकांना सावध करण्याचा सपाटा लावला. त्या वेळी फ्रँकलिन रूझवेल्ट हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. डार्लिंग त्यांच्या विरोधी पक्षाचे होते आणि आपल्या चित्रांतून त्यांच्यावर नेहमी टीका करीत. तरीही रूझवेल्ट यांनी 1934 च्या आरंभी पक्ष्यांच्या प्रश्नावर विचार करण्यासाठी एक समिती नेमली, तिच्यात डार्लिंग यांना घेतले आणि मार्च महिन्यात त्यांना वन्यजीवांच्या सरकारी खात्याचे प्रमुखच केले. व्यंगचित्रांच्या मोठ्या कमाईपुढे सरकारी पगार अगदीच थोडा होता. पण केवळ टीका करून बदके वाचणार नाहीत, हे डार्लिंग जाणून होते. त्यांनी काम स्वीकारले.

त्याच महिन्यात, 16 मार्च 1934 रोजी, एक नवा कायदा झाला. सोळा वर्षांच्या आणि त्यापुढील प्रत्येक माणसाने बदकांची शिकार करण्यापूर्वी एक डॉलरचे तिकीट विकत घ्यावे आणि ते जवळ बाळगावे, असा नियम ठरला. हा पैसा पाणपक्ष्यांच्या आसऱ्याच्या जागांसाठी वापरायचा होता. ही कल्पना जुनीच होती, पण तिला आता कायद्याचे बळ मिळाले. ज्याला शिकार करायची आहे, त्याने पक्ष्यांच्या घरासाठी पैसे द्यावेत, हा सरळ न्याय होता.

तिकिटावर कसले चित्र असावे, हे दाखवण्यासाठी डार्लिंग यांनी काही कच्ची चित्रे काढली. तळ्यावर उतरणारी दोन बदके त्यांतील एका चित्रात होती. खात्यातील मंडळींनी तेच चित्र उचलून छपाईला पाठवले. डार्लिंग यांना हे नंतर समजले. त्यांना ते चित्र आणखी नीट काढायचे होते. पण आता उशीर झाला होता. 22 ऑगस्ट 1934 रोजी ती तिकिटे विक्रीला आली. पहिल्या वर्षी सहा लाख पस्तीस हजार तिकिटे खपली.

तिकिटाच्या पैशावर सारे काम भागण्यासारखे नव्हते. डार्लिंग यांनी निरनिराळ्या खात्यांकडे आणि संसदेतील सभासदांकडे खेटे घालून निधी मिळवला. पक्ष्यांसाठी योग्य जमिनी शोधायला त्यांनी क्लार्क साल्यर नावाच्या तरुण अधिकाऱ्याला नेमले. साल्यर यांना विमानाची भीती वाटे, म्हणून ते मोटार घेऊन देशभर हिंडले. तळी, दलदली, नदीकाठ पाहून त्यांनी जागा निवडल्या. तेथे शिकाऱ्यांची बंदूक पोहोचणार नव्हती.

पण खरी कसोटी पुढेच होती. डार्लिंग स्वतः शिकारी होते आणि त्यांचे कित्येक मित्रही शिकारी होते. तरी 1935 साली त्यांनी शिकारीचा हंगाम केवळ तीस दिवसांचा केला. दाणे टाकून किंवा पाळीव बदके बांधून रानबदकांना भुलवण्यास बंदी केली. बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसे असावीत, असा नियम केला. पुष्कळ शिकारी त्यांच्यावर नाराज झाले. पण डार्लिंग मागे हटले नाहीत. पक्षीच उरले नाहीत, तर शिकारी तरी कशाची शिकार करणार, हा त्यांचा हिशेब होता.

1935 च्या अखेरीस ते आपल्या चित्रांकडे परतले, पण काम सोडले नाही. 1936 साली देशातील निसर्गप्रेमी लोकांच्या संस्था एकत्र आल्या. त्या राष्ट्रीय संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. पुढे तिकिटाच्या पैशातील बराच भाग खात्याच्या इतर खर्चाकडे वळू लागला. डार्लिंग यांना हे मुळीच पसंत नव्हते. अखेर 1958 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हा पैसा पक्ष्यांच्या जमिनींसाठीच राखून ठेवण्यात आला.

12 फेब्रुवारी 1962 रोजी डार्लिंग यांचे निधन झाले. आपल्यामागे छापावे म्हणून एक चित्र त्यांनी आधीच काढून ठेवले होते. त्यात त्यांची पसाऱ्याने भरलेली खोली आहे आणि टोपी घेऊन दारातून लगबगीने बाहेर पडणारी त्यांची पुसट आकृती आहे. फ्लोरिडा राज्यातील सॅनिबेल बेटावरील अभयारण्याला आज त्यांचे नाव आहे.

त्यांचे तिकीट त्यांच्यामागेही राहिले. दरवर्षी त्याच्यावर नवे चित्र छापले जाते. शिकार न करणारे लोकही ते हौसेने विकत घेतात. 2015 साली त्याची किंमत पंचवीस डॉलर झाली. या पैशातून सुमारे साठ लाख एकर जागा पक्ष्यांसाठी राखली गेली आहे.

काळाप्रमाणे कायदाही बदलला. संगणकावरून तिकीट घेण्याची सोय झाली. पण ते तिकीट पंचेचाळीस दिवसच चाले. तेवढ्यात टपालाने छापील तिकीट यावे लागे. ते आले नाही, तर पैसे भरूनही शिकाऱ्याची अडचण होई. म्हणून डिसेंबर 2023 मध्ये नवा कायदा झाला. आता संगणकावरून घेतलेले तिकीट संपूर्ण हंगामभर चालते आणि ते मोबाइल फोनवरही दाखवता येते. छापील तिकीट हंगाम संपल्यावर घरी येते.

परवाना कागदावर असो की फोनवर, त्यातील अट तीच आहे: निसर्गाकडून काही घ्यायचे असेल, तर आधी त्याला काही द्यावे लागते. विणीच्या दिवसांत बदक मारणाऱ्या एका मुलाला काकांनी हेच शिकवले होते. त्या मुलाने मोठेपणी ते साऱ्या देशाला शिकवले.