कोण होते हे कस्तुरचंद?

नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर मोठमोठ्या सभा झाल्या, पण हे कस्तुरचंद कोण, असे कार्यकर्त्याला विचारले तर उत्तर मिळत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला तरी ते ठाऊक असायला हवे, कारण बल्लारपूरचा कोळसा एकेकाळी त्यांच्या पेढीच्या ताब्यात होता.

सर कस्तुरचंद डागा यांचे घराणे मूळ बिकानेरचे, माहेश्वरी सावकारांचे. इंग्रजांनी १८२१ साली कामठीला छावणी वसवली. फौजेमागे बाजार आला, बाजारामागे पेढी आली. बन्सीलाल अबीरचंद या नावाच्या त्या पेढीच्या हुंड्या दूरदूरच्या शहरांत वटत. कस्तुरचंदांनी हा पैसा नुसत्या व्याजावर ठेवला नाही. हिंगणघाटला कापडाची गिरणी, मँगनीजच्या खाणी आणि चांदा जिल्ह्यातला कोळसा, असा त्यांचा पसारा. गडचिरोली तेव्हा चांद्यातच होते, ते वेगळे झाले १९८२ साली. सरकारने कस्तुरचंदांना 'सर' केले, पुढे त्यांचे पुत्र विश्वेश्वरदास हेही 'सर' झाले. कस्तुरचंद १९१७ साली वारले.

माणूस कर्तबगार होता, हे आम्ही नाकारत नाही. पण ही कर्तबगारी कोणत्या कायद्याच्या जमिनीवर उभी राहिली? १८६० च्या दशकातील बंदोबस्ताने सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक केले. मालकी आली की गहाणखत आले, गहाणखतामागून जप्ती. मध्य प्रांतात गावेच्या गावे अशी सावकारांच्या घशात गेली. आदिवासींची जमीन सावकाराकडे जाऊ नये म्हणून सरकारने कायदा केला तो १९१६ साली, म्हणजे अर्धे शतक उलटल्यावर! आणि खनिज? ते सरकारचे. सरकार ठेका देणार तो भांडवल असलेल्याला. वर नांगर धरणाऱ्या गोंडाचा खालच्या कोळशावर हक्क नव्हता.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली धनबादच्या खाणीत स्वतः उतरले. १९४४ साली कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, ही मागणी त्यांनी १९४७ सालीच लेखी मांडली होती. कोळशाचे राष्ट्रीयीकरण व्हायला १९७३ उजाडले. त्या कायद्याची अनुसूची वाचकांनी जरूर काढून पाहावी. खाणमालकांना द्यायच्या रकमा तिच्यात खाणवार छापल्या आहेत. कर्जात जमीन गेलेल्या कुळाचा उल्लेख तिच्यात कुठे नाही.